कमल बस्तीचे छत आणि राजहंसगडाची चढण: एका पायी सफरीबद्दल

जन्म बेळगावात गेला, किल्ल्यात किती वेळा गेलो याची गणती नाही, तरीही तिथल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराचे छत मी कधी नीट पाहिलेले नव्हते, हे डिसेंबरातल्या एका रविवारी ध्यानात आले. शहरातील काही हौशी मंडळी अधूनमधून वारसास्थळांची पायी सफर घडवतात. सकाळी किल्ला, नंतर शहराजवळचे येळ्ळूर गाव आणि तिथून त्याच्या डोक्यावरचा राजहंसगड असा दिवसभराचा कार्यक्रम. नाश्ता धरून माणशी ४०० रुपये. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

किल्ल्याच्या दारातील दुर्गादेवीला नमस्कार करून आम्ही आत शिरलो. इथे राज्य करणाऱ्या रट्ट घराण्याच्या राजांचा अधिकारी बिचिराज याने १२०४ मध्ये उभारलेल्या कमल बस्तीत मार्गदर्शकांनी आम्हाला चक्क मुखमंडपात सतरंजीवर उताणे निजायला लावले. वर दगडात कोरलेले कमळ खाली लोंबते आहे आणि त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकर, हे त्यांनी सांगितले आणि मग चांगली पाच मिनिटे ते काहीच बोलले नाहीत. मी दोनदा मोजायला घेतले, दोन्ही वेळा मध्येच चुकलो. इतक्या शांतपणे एखादी वास्तू दाखवणारे मार्गदर्शक मला तरी विरळाच भेटले आहेत. शेजारच्या भग्न चिक्क बस्तीवरील नर्तक-वादकांची ओळही त्यांनी तितक्याच सवडीने दाखविली. आमच्यातील निम्मे लोक कन्नड बोलणारे असल्याने प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली जात होती. त्याचा कंटाळा कोणालाच आला नाही, उलट पहिल्या खेपेला निसटलेले दुसऱ्या खेपेला पदरात पडले.

एक उणीव मात्र इथेच जाणवली. बस्तीशी संबंधित १२०४ चे दोन हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडमधील, शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मार्गदर्शकांनी ते तोंडी सांगितले, पण त्यांचे मोठे छायाचित्र सोबत आणले असते तर शिलालेख म्हणजे काय, हे बरोबरच्या मुलांना नुसत्या शब्दांपेक्षा चांगले कळले असते.

त्यानंतर मात्र घाई सुरू झाली. आदिलशाहीतील सरदार असदखान लारीच्या नावाशी जोडलेल्या सफा मशिदीच्या खांबांवर त्याआधीच्या काळातील लेख आहेत. ज्या ठिकाणी थांबायलाच हवे, तिथे आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद किल्ल्यात ज्या घरी राहिले, ती जागा तर चालता चालता बोट करून दाखविली गेली. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे वेळेचे बंधन असते, हे मान्य. पण मग नाश्त्याला पाऊण तास का दिला, हे कोडे सुटत नाही. पोहे उत्तम होते, एवढे खरे.

येळ्ळूरपासून गड चढायला सुरुवात केली तेव्हा ऊन चढले होते. वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि बहुतेक लोक त्यानेच जातात. आम्हाला पायवाटेने नेले, याबद्दल मंडळींचे आभारच मानायला हवेत. गाडीने येणाऱ्याला आधी २०२३ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा ५० फुटी पुतळा दिसतो आणि मग गड. पायी येणाऱ्याला बुरूज आधी भेटतो आणि हा गड इथेच का बांधला, हे कोणी न सांगता पायांना कळते. गडावर अलीकडे बरीच डागडुजी झाली आहे, सिद्धेश्वराच्या देवळात दर्शनाला येणाऱ्यांचा राबताही आहे. परंतु वरचे सारे दुरुस्त करून खालची वाट तशीच सोडली, तर जुने स्थळ पुन्हा नांदते झाले असे म्हणणे मला जड जाते. आमच्या वाटेवर दोन ठिकाणी घाणेरीच्या झुडपांतून अंग चोरून जावे लागले आणि एका आजींना अर्ध्यातून परत फिरावे लागले. वाट बिकट आहे, ही पूर्वसूचना नोंदणीच्या वेळीच द्यायला हवी होती.

बुरुजावरून एकीकडे शहर, पायथ्याला बासमतीसाठी नावाजलेले येळ्ळूरचे कापणी झालेले शिवार आणि लांबवर वैजनाथ-महिपाळगडाची रांग दिसते. ती रांग महाराष्ट्रात मोडते. माझ्या मावशीचे सासर त्याच बाजूला शिनोळीला असल्याने मी मोबाईल काढून तिला फोन लावला, तिने एवढेच विचारले, "जेवलास का?" जेवण सफरीत धरलेले नव्हते, म्हणून घरून डबा न्यावा.

पैसे वसूल झाले का, असे विचाराल तर केवळ कमळासाठीही झाले. सफर दोन रविवारांत विभागली, तर किल्ल्याच्या वाट्याला पूर्ण सकाळ येईल. आयोजकांना मी तसे लिहून कळवले आहे. उन्हाळ्यात मात्र ही चढण घेऊ नये, आणि पायांत चपला नकोतच.