आधी अरबी की अक्कादी?

सेमिटिक भाषांचा, म्हणजे अरबी, हिब्रू, अक्कादी यांच्या कुळाचा, इतिहास अभ्यासायचा, तर सुरुवात कुठून करावी? वयाचा मान प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) अक्कादीचा. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासूनचे तिचे लेख मातीच्या पाट्यांवर सापडतात; बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदेही तिच्यातलेच. पण लिपी शेजारच्या सुमेरियनांकडून उचललेली, कीलाकार, म्हणजे पाचरीसारख्या खुणांची. एकाच चिन्हाचे अनेक उच्चार लावताना नवखा माणूस मेटाकुटीला येतो. शिवाय घशातून निघणारे बरेच ध्वनी झिजलेले.

अरबी लेखनात फार उशिरा आली, तरी मूळ सेमिटिकची, म्हणजे या कुळाच्या पूर्वज भाषेची, जवळजवळ सगळी व्यंजनं तिने जपली. विभक्तीसुद्धा. अभिजात अरबीत राजा ‘मलिकुन’, राजाला ‘मलिकन’, राजाचा ‘मलिकिन’. अक्कादीत शब्द निराळा, पण रूपं बघा: ‘शर्रुम’, ‘शर्रम’, ‘शर्रिम’. उ, अ, इ जसेच्या तसे! मधे दोन हजारांहून जास्त वर्षं गेलेली. हिब्रूत तर हे प्रत्यय केव्हाच गळून पडले.

माझं मत स्पष्ट आहे: आधी अरबी. शिक्षक मिळतात, कोश मिळतात, कान तयार होतो. अक्कादी वर्षभराने घ्या, पण टाळू नका. अरबीत ‘लम्’ या नकारानंतर येणारं क्रियापद भूतकाळाचा अर्थ का देतं, हे अक्कादीचा जुना भूतकाळ पाहिल्यावरच उलगडतं.