सीडी४-क्री उंदीर: त्वचेच्या लिम्फोमासाठी घ्यावा का?

त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावर (कातडीत वाढणारा, प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचा कर्करोग) काम काढायचं ठरलं की सहसा पहिलं नाव निघतं ते सीडी४-क्रीचंच, म्हणजे टी पेशींत 'क्री' हे डीएनए कापणारं एन्झाइम बनवणाऱ्या उंदराचं. जॅक्सन लॅबोरेटरीच्या यादीत हा स्ट्रेन ०२२०७१ क्रमांकाने मिळतो. उंदीर गुणी आहे. वीण नीट होते, आणि डीएनएत घातलेल्या लॉक्सपीच्या दोन खुणांमधलं ('फ्लॉक्स' केलेलं) जनुक टी पेशींतून जवळजवळ पूर्ण कापलं जातं. मात्र 'हा लिम्फोमा सुरू कुठे होतो' हे विचारायला आणला, तर तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

क्री चालू होते ती थायमसमध्ये (छातीतली, टी पेशी घडवणारी ग्रंथी), सीडी४ आणि सीडी८ ही पृष्ठभागावरची प्रथिनं दोन्ही मिरवणाऱ्या कोवळ्या पेशीत. त्यामुळे पुढच्या सीडी८ पेशींतूनही जनुक जातं, तेही पेशीने कातडीचं तोंड पाहण्याआधी. मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे या लिम्फोमाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, हा मात्र बहुतांशी पक्व सीडी४ पेशींचा आजार. २०१५च्या जनुकीय अभ्यासांत रुग्णांच्या गाठींत टीपी५३, झेब१, एआरआयडी१ए, सीडीकेएन२ए ही जनुकं बिघडलेली दिसली. म्हणून पी५३ (टीपी५३चंच उंदरातलं रूप) काढायचा मोह होतो. पण पी५३ संपूर्ण शरीरातून काढलेले उंदीर बहुतेक ६ महिन्यांच्या आत गाठींनी मरतात, त्यांत थायमसचा लिम्फोमा सर्वांत जास्त, हे १९९२ पासून माहीत आहे. इथेही धोका तोच. कातडीवर काही उमटायच्या आत उंदीर धापा टाकू लागतो आणि छाती उघडली की हृदयावर पांढुरका गोळा बसलेला असतो. थायमस आणि प्लीहा प्रत्येक वेळी वजन करून लिहून ठेवा, नाहीतर थायमसचा आजार त्वचेच्या नावावर खपतो.

विणीचा हिशोब सोपा आहे. क्रीची एकच प्रत आणि फ्लॉक्सची एक प्रत असलेला नर, दोन्ही प्रती फ्लॉक्स असलेल्या मादीला लावला तर ४ पिल्लांत १ कामाचं, म्हणजे क्रीही असलेलं आणि दोन्ही प्रती फ्लॉक्स असलेलंही. दुसरं फ्लॉक्स जनुक जोडलं की ८त १. पिंजऱ्यांचं बजेट इथेच कोसळतं.

जीनोटायपिंगला, म्हणजे कुठल्या पिल्लात कोणत्या प्रती आहेत ते बघायला, महागडं किट नको. कानाचा २ मिलिमीटरचा तुकडा, ७५ मायक्रोलिटर अल्कली द्रावण (२५ मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ०.२ मिलीमोलर ईडीटीए), ९५ अंशांवर अर्धा ते एक तास, थंड करून तेवढंच ४० मिलीमोलर ट्रिस. मग पीसीआर करून जेलवर चालवा. फ्लॉक्सचा पट्टा साध्या पट्ट्यापेक्षा थोडाच वर असतो, तेव्हा जेल ३ टक्क्यांचं घ्या आणि सावकाश चालवा. दोन पट्ट्यांच्या वर तिसरा फिकट दिसला तर घाबरू नका, संमिश्र पिल्लात दोन वेगळे धागे चिकटून तो होतो. कापलेल्या जनुकाचा पट्टा फिकट असेल तर तो तुकड्यातल्या रक्ताचा. गडद आला तर क्री बीजपेशीत गळली (आईबापाच्या अंड्यात वा शुक्राणूतच चालू झाली) असण्याची शक्यता धरा आणि ते पिल्लू विणीला लावू नका.

खरी फसगत स्लाइडवर होते. उंदराच्या निरोगी बाह्यत्वचेतही गॅमा-डेल्टा टी पेशी मुक्कामाला असतात, फांद्या पसरून. माणसात हे बिऱ्हाड नाही. नुसतं सीडी३ (सगळ्याच टी पेशींवरची खूण) रंगवून 'पेशी बाह्यत्वचेत शिरल्या' असं लिहिणारे इथेच आपटतात. सोबत सीडी४ आणि टीसीआर-बीटा (गॅमा-डेल्टा पेशींवर नसलेला टी पेशींचा ग्राहक) रंगवा. त्यात उंदराची बाह्यत्वचा दोन-तीन थरांची, पॉट्रिएच्या पुंजक्यांना (माणसाच्या बाह्यत्वचेत जमणाऱ्या लिम्फोमाच्या पेशींना) जागाच कुठे? शिवाय सी५७बीएल/६ जातीला खाजून व्रण पडणारा त्वचादाह आपसूक होतो. मानेवरचा लाल चट्टा म्हणजे लिम्फोमा नव्हे. क्री नसलेली भावंडं आणि क्री असून फ्लॉक्सची एकच प्रत असलेली भावंडं, दोन्ही त्याच पिंजऱ्यात ठेवा. एकाच कुळाच्या पेशी वाढल्यात का, हे टीसीआर-बीटाच्या डी-जे पीसीआरने (त्या जनुकाचे डी आणि जे तुकडे कसे जोडले गेले ते दाखवणारी चाचणी) बघा. निरोगी नमुन्यात पट्ट्यांची शिडी दिसते, एकाच कुळाचं वर्चस्व असेल तर एखाद-दोन जाड पट्टे.

कातडी गाळणकागदावर सपाट चिकटवून १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये २४ तास ठेवा, नाहीतर गुंडाळी होते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी पॅराफिनचा ब्लॉक मऊ पडतो आणि सेक्शनला सुरकुत्या येतात. कापण्याआधी बर्फावर ठेवावा, किंवा सरळ सकाळी कापावा.

बदली म्हणून सीडी४-क्री-ईआरटी२ बघा, यात टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच क्री चालू होते. औषध कॉर्न ऑइलमध्ये २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर रात्रभर विरघळवा, उजेडापासून झाकून. किलोला ७५ मिलिग्रॅम, रोज एकदा, ५ दिवस पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने. तरीही थायमसमधल्या पेशी कापल्या जातातच. त्यापेक्षा, प्रौढ उंदराच्या लसिका गाठींतून पक्व सीडी४ पेशी वेगळ्या करून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात सोडणं जास्त चोख.

पाचपैकी साडेतीन तारे. टी पेशींसाठी पाच, 'सुरुवात कुठे' यासाठी दोन. परदेशातून जिवंत जोडी मागवण्याआधी प्राणी-नैतिक समिती, जैवसुरक्षा समिती आणि आयात परवान्याचे महिने धरा. फ्लॉक्सचं जनुक कुठेच मिळत नसेल, तर पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या राष्ट्रीय सुविधेत आधी चौकशी करावी, तिथे जनुकसंपादित उंदीर बनवून मिळतात.