डीएनए फेशियल केलं, जीन काय आत गेलं नाही

सोलापुरातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये डीएनएवालं मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांचा रोलर चेहऱ्यावर फिरवतात ते) करून आले, साडेतीन हजार गेले, नाव टाकत नाही, उगाच भांडण नको. आधी चांगलं सांगते. रोलर माझ्यासमोर नवीन पाकिटातून काढला, बधिर करायचं क्रीम लावून पाऊण तास बसवलं, घाई अजिबात नाही. कपाळावर फिरताना करकर आवाज येतो, गालाला काही कळलं नाही, वरच्या ओठापाशी मात्र डोळ्यातून पाणी आलं.

मग ती ताई म्हणते, "मॅडम, आता सॅल्मन माशाचा डीएनए लावतेय, ह्यातले जीन स्किनमध्ये जाऊन कोलॅजन बनवतात." काय बे, म्हणलं मनात, माशाचे जीन असे आत गेले असते तर मी आत्ता हिप्परगा तलावात असते. बायोटेक शिकलेय हो मी!

त्या सीरममध्ये डीएनएचे नुसते तुकडे असतात, त्यातून कोलॅजन काय, कुठलंच प्रोटीन बनत नाही. चेहऱ्याला तजेला येत असेल, ते वेगळं. वरचा मेलेल्या पेशींचा थर जेमतेम 10-20 मायक्रॉनचा, तो सुईने पार होतो, पण पुढे प्रत्येक पेशीचं दार बंदच असतं ना. म्हणून डीएनए आत न्यायला वेगळ्या युक्त्या लागतात. इलेक्ट्रोपोरेशनमध्ये विजेचे झटके देऊन पेशीला क्षणभर भोकं पाडतात, काम चांगलं होतं पण झटका तो झटकाच. जीन गनमध्ये सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून मारा करतात, 1980च्या दशकात अमेरिकेत ही सुरुवातीला कांद्यावर चालवून बघितली (आपल्या मार्केट यार्डात या म्हणावं), पण मारा वरवरच राहतो. मला आवडते ती झायकोव्ह-डीची पद्धत, 2021ची आपली कोरोनावरची डीएनए लस, सुईच नाही, दाबाने बारीक धार थेट त्वचेत, फक्त डोस 3 घ्यायचे. आणि दार उघडण्यात वस्ताद म्हणजे विषाणू. 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्हायजुवेक जेल घ्या, त्वचेला सतत फोड येणाऱ्या जन्मजात आजारात आठवड्यातून एकदा जखमेवर थेंब थेंब सोडतात, बदल केलेला हर्पिसचा विषाणू कोलॅजन-7 ह्या त्वचेचे थर धरून ठेवणाऱ्या प्रोटीनचं जीन पेशीत नेतो. जखम उघडीच, त्यामुळे सुईबिई काही नाही.

हे सगळं ताईला सांगितलं तर "कंपनीवाल्यांनी आम्हाला तसंच सांगितलंय" म्हणाली, तिची काय चूक.

दोन दिवस चेहरा लालभडक. उन्हात जाऊ नका हे कुणी बोललं नाही आणि मी 42 डिग्रीत स्कूटीवर सात रस्त्यापर्यंत, जळजळ विचारू नका. पाचव्या दिवशी स्किन खरंच मऊ लागली, म्हणून तीन स्टार. बिलावर 'जीन थेरपी' छापलंय, ते बदलून द्या म्हणलं तर प्रिंटर बंद आहे म्हणे.