समीकरण, के-मॅप की कोष्टक: लॉजिक सर्किट कशानं आटोपशीर करावं?

ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटला कुठलं आउटपुट, याची यादी) तयार आहे, त्यावरून सर्किट बांधायचंय आणि गेट (अँड, ऑर, नॉट करणारे सर्किटचे छोटे भाग) कमीत कमी लागावीत अशी इच्छा आहे. इथून तीन वाटा फुटतात. बूलियन नियम (० आणि १ च्या बीजगणिताचे) लावून समीकरण आटवायचं, के-मॅप (टेबलातली प्रत्येक ओळ एकेका चौकोनात मांडलेला नकाशा) काढायचा किंवा क्वाइन-मॅकक्लस्की पद्धतीचं कोष्टक मांडायचं. माझा कल के-मॅपकडे आहे, पण चार व्हेरिएबलपर्यंतच. आणि मॅप झाल्यावर पुन्हा समीकरणाकडे वळायची तयारी हवी.

एक छोटं उदाहरण घेऊ. तीन इनपुटपैकी किमान दोन १ असतील तरच आउटपुट १. टेबलावरून सरळ उतरवलं तर (क, ख, ग हे इनपुट; · म्हणजे अँड, + म्हणजे ऑर, क′ म्हणजे क चा नॉट; + नं जोडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक टर्म):

क′·ख·ग + क·ख′·ग + क·ख·ग′ + क·ख·ग

नियमांनी सोडवताना शेवटची टर्म तीनदा लिहायची युक्ती सुचावी लागते. तीच गोष्ट कितीदा ऑर केली तरी फरक पडत नाही, म्हणून ते चालतं. मग बाकीच्या तिघींशी एकेक जोडी लागते आणि उत्तर येतं क·ख + ख·ग + क·ग. युक्ती सुचली नाही तर बहुतेक जण शेवटच्या दोन टर्मची जोडी लावून क·ख + क′·ख·ग + क·ख′·ग इथं थांबतात. हेही बरोबरच आहे, फक्त उगाच मोठं आहे. नियमांची खरी अडचण हीच: उत्तर चुकत नाही, पण आणखी आटवता येईल का, हे कागद सांगत नाही.

हेच के-मॅपवर मांडा आणि शेजारचे १ जोडीनं गटात घ्या; जोडीत जे अक्षर बदलतं ते गळतं. क=ख=ग=१ हा चौकोन तीन वेगवेगळ्या जोड्यांत सामील होतो आणि ते डोळ्यांना दिसतं, सुचावं लागत नाही. मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली बेल लॅब्समध्ये असताना हा नकाशा मांडला. त्याची सगळी करामत क्रमात आहे: ००, ०१, ११, १०. शेजारच्या दोन चौकोनांत एकच बिट बदललं पाहिजे. सवयीनं ००, ०१, १०, ११ लिहिलं की पुढचे सगळे गट चुकतात. डावी कड उजव्या कडेला चिकटलेली असते, हेही विसरायचं नाही.

मॅप सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो डोन्ट केअरमध्ये, म्हणजे जिथं आउटपुट ० असो की १, काही फरक पडत नाही तिथं. चार बिटांत ० ते ९ अंक येतात आणि अंक ५ किंवा जास्त असेल तर दिवा लावायचा, असं समजा. क सगळ्यात मोठं बिट, घ सगळ्यात लहान. १० ते १५ कधी येतच नाहीत, त्यामुळे ते सहा चौकोन सोयीनुसार १ धरता येतात. उत्तर: क + ख·ग + ख·घ. ते सहा चौकोन ० धरले तर क·ख′·ग′ + क′·ख·ग + क′·ख·घ असं लांबलचक प्रकरण हाती येतं. नुसत्या नियमांनी डोन्ट केअर हाताळणं म्हणजे अंदाजपंचे काम.

पण मॅप इथं थांबतो. ख सामाईक काढून क + ख·(ग + घ) करणं त्याला जमत नाही, ते बीजगणिताचं काम. दोन इनपुटची गेट धरली तर चाराची तीन होतात. एक्सऑरचंही (दोन इनपुट वेगळे असतील तरच १) तसंच. पॅरिटीच्या (इनपुटमधल्या १ ची संख्या सम की विषम, हे सांगणाऱ्या) मॅपवर १ बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पडतात आणि एकही गट होत नाही. चार इनपुटला चार-चार अक्षरांच्या आठ टर्म उरतात, प्रत्यक्षात मात्र तीन एक्सऑर गेटमध्ये भागतं.

आता थोडी उलटी गोष्ट. सगळ्यात लहान उत्तर नेहमी चांगलं असतंच असं नाही. क·ख + क′·ग घ्या. ख आणि ग दोन्ही १ असताना क बदलला तर आउटपुट १ च राहायला हवं. पण क′ नॉट गेटमधून किंचित उशिरा येतो आणि आउटपुट क्षणभर ० ला टेकू शकतं. ख·ग ही हिशेबानं फालतू टर्म जोडली की हा झटका जातो. मॅपवर ही जागा लगेच सापडते: शेजारी असूनही एकमेकांवर न चढलेले दोन गट. आउटपुट थेट एखाद्या फ्लिपफ्लॉपच्या (एक बिट लक्षात ठेवणाऱ्या सर्किटच्या) क्लॉकला, म्हणजे ते कधी बदलायचं हे ठरवणाऱ्या इनपुटला, जात असेल तर हे बघाच.

कोष्टकाबद्दल थोडक्यात. टर्म त्यांतल्या १ च्या संख्येनुसार लावायच्या, शेजारच्या गटांशी ताडून पाहायच्या आणि शेवटी सगळं झाकणारा छोटा संच निवडायचा. व्हेरिएबल कितीही असली तरी कृती तीच, म्हणून प्रोग्रॅम लिहायला उत्तम. हातानं मात्र कंटाळवाणं, आणि एक खूण राहिली की सगळं परत. पाच व्हेरिएबलला मॅप ३२ चौकोनांचा होतो, सहाला ६४ चा. तिथून पुढे मी तरी कॉम्प्युटरलाच बसवेन.

परीक्षा किंवा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) असेल तर मॅप काढा, मग सामाईक काय निघतं ते बघा. एफपीजीएवर (आतलं लॉजिक आपण हवं तसं ठरवू शकतो अशा चिपवर) काम असेल तर यातलं फारसं काहीच हातानं करू नका. तिच्यातल्या सहा इनपुटच्या लुकअप टेबलमध्ये (ट्रुथ टेबल थेट साठवणाऱ्या भागात) सहा इनपुटचं कुठलंही फंक्शन बसतं, दोन टर्मचं असो की वीस टर्मचं, जागा तेवढीच. तिथं वाचणाऱ्याला कळेल असं लिहा आणि आटवायचं काम सिंथेसिस टूलवर (लिहिलेल्यातून सर्किट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सोडा.