घरी येऊन ब्लड नेणारी लॅब: माणूस छान, रिपोर्टचं बघा जरा

आमवात असल्यामुळे मेथोट्रेक्झेट ही गोळी चालू आहे, म्हणजे दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) आणि सोबत अंगातली सूज बघायला ईएसआर, सीआरपी हे ठरलेलंच. सकाळी बोटं आखडलेली असताना लॅबच्या पायऱ्या चढायला नकोत म्हणून ही होम कलेक्शनवाली लॅब धरली. येणारा मुलगा एकदम वेळेवर, माझी शीर पटकन सापडत नाही तरी एकाच टोचणीत काम, त्याला पैकीच्या पैकी.

पण रिपोर्ट! मागचा सीआरपी १.२ होता, यावेळी आला ११, अ‍ॅपवर लाल रंगात ग्राफ थेट आभाळात, घरातले सगळे टेन्शनमध्ये. नीट वाचलं तर मागचा आकडा एमजी पर डेसिलिटर आणि आत्ताचा एमजी पर लिटर, म्हणजे लिटरच्या हिशोबात १२ चा ११ झालाय, कमीच झालाय की! युनिट बदललं तर निदान ग्राफ तरी जोडू नका ना. फोन केला तर म्हणे मशीन बदललं.

ईएसआरबद्दल पण विचारून घ्या. नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात तेच मोजायचं असतं, आणि सॅम्पल बाहेर ठेवलं तर साधारण चार तासांत टेस्टला लागायला हवं, इथे पोरगा दुपारपर्यंत सोसायट्या फिरत असतो. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर ईएसआर तसाही वर जातो, सूज असो नसो, म्हणून मी तरी सीआरपीच जास्त बघते, तो लिव्हरमध्ये बनतो आणि सूज उतरली की पटकन खाली येतो.

आणि ते आर्थ्रायटिस पॅकेज दर वेळी गळ्यात मारतात ते घेऊ नका. त्यातल्या आरए फॅक्टर, अँटी सीसीपी या अँटिबॉडीच्या टेस्ट आमवाताच्या निदानाच्या वेळी कामाच्या, एकदा पॉझिटिव्ह आल्यावर सारख्या करून दुखणं किती अ‍ॅक्टिव्ह आहे ते काही कळत नाही. अ‍ॅपमध्ये सीआरपी सर्च केलं की आधी एचएस-सीआरपी (जास्त बारीक मोजणारा) दिसतो, तो हार्टच्या रिस्कसाठी, आपल्याला साधाच लागतो. तसंही आमच्या डॉक्टर आधी २८ सांधे दाबून बघतात, मगच कागद हातात घेतात.

तीन स्टार. कॅश, यूपीआय दोन्ही चालतं, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.