जिम्नी, थार आणि गुरखा: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मी मुलुंडला राहतो. माझी मारुतीची जिम्नी, मॅन्युअल. मेव्हण्याकडे महिंद्राची थार, तीन दारांची डिझेल फोर बाय फोर (म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी), आणि ऑफिसमधल्या मित्राकडे फोर्सची गुरखा, २०२४ ला आलेली फाइव्ह डोअर. आम्ही एकत्र फिरतो आणि वाटेत गाड्या अदलून बदलून चालवतो, त्यामुळे तिन्ही गाड्या बऱ्यापैकी अंगवळणी पडल्यात. आता एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा झालाय म्हणून लिहितोय, कारण मुंबईत राहून अशी गाडी घ्यायची तर शोरूममध्ये ज्या गोष्टी कोणी बोलत नाही त्याच रोज समोर येतात.

पहिली गोष्ट रुंदी. जिम्नी १६४५ मिमी, थार १८२०, गुरखा त्याहून जास्त. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, पण जिम्नी आणि थारमध्ये जवळजवळ सात इंच आहेत, आणि आमच्या जुन्या सोसायटीच्या गेटमधून शिरताना, एका बाजूला स्कूटर लावलेल्या असताना, ते सात इंच म्हणजे दोन्ही आरसे उघडे ठेवून सरळ आत जाणं की खाली उतरून आरसे मिटणं एवढा फरक आहे. गुरखा तर उंचीलाही दोन मीटरच्या वर जाते, त्यामुळे स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायची सोय) किंवा मॉलचं बेसमेंट असेल तर आधी तिथली पाटी वाचा. मित्र त्याची गाडी बाहेरच लावतो.

दुसरी गोष्ट मागे कोण बसणार. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट सरकवून चढायला लागतं, माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला ते जमणारच नाही, आणि माझ्यासाठी तिथेच निर्णय झाला होता. जिम्नीला मागे दारं आहेत, पण माणसं चारच आणि सगळ्या सीट वापरात असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे चौघांचं दोन दिवसांचं सामान जेमतेम. घरात सहा-सात माणसं असतील तर या तिघांत गुरखा फाइव्ह डोअरच, दुसरा पर्याय नाही. थार रॉक्सला पाच दारं आहेत पण तिची रुंदी १८७० आहे आणि फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते. आणि एक, रस्त्यावर दिसणारी प्रत्येक थार फोर बाय फोर नसते! २०२३ पासून मागच्या चाकांवर चालणारी पण येते, बाहेरून जवळपास तशीच दिसते, सेकंडहँड घेताना ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर आहे का ते आत वाकून बघा.

आता मजेचा भाग, चिखल. जव्हार-मोखाड्याकडे किंवा वैतरणेच्या मागच्या अंगाला पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेने ज्या वाटा जातात तिथली माती साबणासारखी असते. अशा ठिकाणी पॉवरचा फार उपयोग नसतो, वजनाचा असतो. जिम्नी साधारण १२०० किलोची, थार त्याहून पाचेकशे किलोने जड, गुरखा अजून जड. जिथे जड गाडी चाकोरीत खाली खाली बसत जाते तिथून जिम्नी तिच्या बारीक, १९५ मिमी रुंदीच्या टायरवर, सेकंड लो (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या रेंजमधला दुसरा गिअर) टाकून, हळूहळू निघून जाते. मला यात खरंच फार आनंद मिळतो, इंजिन ओरडत नाही, चाकं जागच्या जागी गरगरत नाहीत, गाडी फक्त चालत राहते.

पण दगडांचा चढ आला की चित्र उलटतं. एक चाक हवेत गेलं की साध्या डिफरेंशियलमधून (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमधून) सगळी ताकद त्या मोकळ्या चाकाकडेच जाते. जिम्नी अशा वेळी त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला पाठवते, ते काम करतं, पण तुम्हाला अ‍ॅक्सिलरेटर धरून क्षणभर थांबावं लागतं आणि नवीन माणूस नेमका तेव्हाच पाय काढतो. मेव्हण्याच्या थारला मागे मेकॅनिकल लॉक आहे, ते आपोआप लागून दोन्ही चाकं एकत्र फिरवतं (सगळ्या व्हेरियंटला नसतं, बुकिंगआधी विचारा). गुरखाला तर पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरेंशियल लॉक कंपनीतूनच येतात, आणि दोन्ही लॉक टाकून ती जे चढते ते बघितल्यावर मी बाकी तुलना बंद केली, त्या कामात ती तिघांत एक नंबर आहे. शिवाय पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५९० मिमी आहे, थारचा २४५०, त्यामुळे उंचवटा ओलांडताना जिम्नीचं पोट आधी टेकतं, चाकं कुठून न्यायची ते बघूनच गाडी घालायची.

हायवेला थार आरामात पुढे. जिम्नीचं दीड लिटर पेट्रोल, १३४ एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद), थार डिझेलचा ३००. कसारा घाटात चौघं आणि सामान असेल तर मी गिअर उतरवून उजवी लेन सोडून देतो, मला घाई नसते. मायलेज मला शहरात ११-१२, हायवेला १४ च्या आसपास. डिझेल घेणाऱ्यांनी मात्र एक विचार करा, बीएस सिक्स डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, तो जळून साफ व्हायला लांब सलग रन लागतो. रोजचं मुलुंड ते पवई रखडत जाणं हेच तुमचं रनिंग असेल तर पेट्रोल घ्या.

पाण्याबद्दल. थारला ६५०, गुरखाला ७०० मिमी पाण्यातून जाता येतं असं कंपन्या सांगतात. म्हणून अंधेरी सबवेत गाडी घालू नका, तिथे उघडं गटार कुठे आहे ते दिसत नाही. आणि कोकणातल्या किनाऱ्यावर तर अजिबात नको. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यावरून टायर फिरवून कसली हौस पूर्ण होते मला कळत नाही, राग येतो.

तिन्ही गाड्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरेंशियल मध्ये नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची रेंज) लावून वळलात की पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन ट्रान्सफर केसवर ताण येतो, घाटात बरेच जण हे करतात.

अ‍ॅक्सेसरीजमध्ये पैसे घालायचे तर लाइटबारच्या आधी टो रोप (अडकलेली गाडी ओढायचा दोर) आणि चांगला एअर कॉम्प्रेसर घ्या. चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड इतकी वाढते की गाडी बदलल्यासारखी वाटते, फक्त परत डांबरीला लागायच्या आधी भरून घ्या, कारण कमी हवेवर ऐंशीने पळवली की साइडवॉल तापून टायर फाटू शकतो.