त्रिफळा, हिरडा आणि तिळाचं तेल : उन्हाळा ते थंडी वापरल्यावर

उन्हाळ्यात सुरू केलेलं त्रिफळा चूर्ण, मधला खंड सोडला तर, आता थंडी पडली तरी चालू आहे, म्हणजे लिहायला हरकत नाही. माझं काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, हिशेबाचं. दिवसभर खुर्ची, घरी यायला रात्रीचे नऊ, आणि सकाळी पोट साथ देईल याचा भरवसा नाही. पेठेतल्या वैद्यबाईंनी आधी रक्ताचे रिपोर्ट बघितले, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि मग सांगितलं : झोपताना अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्यातून, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत. चूर्ण परवडलं, जेवणाची वेळ जड गेली. शेवटी रात्रीचाही डबा नेऊन साडेसातला ऑफिसातच खायला लागलो.

तयार डबी आणली नाही. लक्ष्मीपुरीत काष्ठौषधी विकणाऱ्याकडून हिरडा, बेहडा आणि आवळकाठी घेतली. हिरडा आपल्याकडचाच, राधानगरी-चंदगडच्या जंगलात भरपूर. पण चूर्णाला मोठा, पिकून वाळलेला सुरवारी हिरडा घ्यायचा. बारका काळा बाळहिरडा वेगळा. चांगला हिरडा हाताला जड लागतो आणि पाण्यात टाकला की बुडतो. फोडून बी काढायची, वरची सालच वापरायची. ही साल मिक्सरला सहज दाद देत नाही. दळताना उडालेली पूड घशात गेली की तासभर तोंड तुरट, त्यामुळे नाकाला रुमाल बांधूनच बसा. तिन्ही पुडी समभाग, मग वस्त्रगाळ. चाळणीवर भागवलं तर तळाशी जाड गाळ बसतो आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. एकदम किलोभर करून ठेवू नका, पावसाळ्यात गठ्ठे होतात.

परिणाम? पहिला आठवडा पोटात नुसती गुरगुर आणि वायू. नंतर सकाळी उठल्यावर ठरल्या वेळी पोट साफ व्हायला लागलं, मुरडा नाही, धावपळ नाही. जिभेवरचा पांढरा थर कमी झाला. त्वचा उजळली, वजन घटलं, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडली’ असलं काही घडलं नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच. आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून रात्री अकराला चूर्ण घेतलं, तर सोमवारी कुठलाही हिरडा वाचवत नाही. माझ्या मते निम्मं श्रेय त्या साडेसातच्या डब्याचं आहे.

एक सावधगिरी मात्र ठळक. ‘एका रात्रीत पोट साफ’ म्हणणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी, म्हणजे जोरदार रेचक पाला, असते. सकाळी गडगडून साफ होतं, पण रोज घेत राहिलं की तिची सवय लागू शकते. आमचे मेहुणे त्याच चक्रात आहेत, पुडी चुकली की दिवस गेला. डबीमागची यादी वाचूनच घ्या.

पावसाळ्यात बाईंनी त्रिफळा थांबवून नुसत्या हिरड्यावर आणलं. याला ऋतुहरीतकी म्हणतात, हरीतकी म्हणजे हिरडाच : वर्षेत सैंधवासोबत, शरदात साखरेसोबत, हेमंतात सुंठीसोबत, शिशिरात पिंपळीसोबत, वसंतात मधासोबत आणि ग्रीष्मात गुळासोबत. सैंधवाची चव मला सर्वात सुसह्य वाटली. हिरड्यात खारट सोडून बाकी पाच रस, म्हणजे चवी, असतात असं शास्त्र सांगतं. जिभेला मात्र तुरटच आधी कळतो. शरदात साखर झाली. सुंठीची पाळी आली तेव्हा छातीत जळजळायला लागलं, म्हणून बाईंना विचारून पुन्हा त्रिफळ्यावर आलो.

तेलाचं बोलायचं तर तालमीच्या गावात मालिशचं कौतुक नवं नाही. पण रोज अंगभर तेल चोळायला वेळ कुणाला आहे? ‘अष्टांगहृदय’ लिहिणाऱ्या वाग्भटांनी डोकं, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिलाय, त्यातले तळपाय मी धरले. झोपताना कोमट तिळाचं तेल, दोन-तीन मिनिटं. झोप लवकर लागते, टाचेच्या भेगा भरल्या. जुने मोजे घालून झोपा, नाहीतर चादर गेली. अंगभर फक्त रविवारी; त्या दिवशी न्हाणीघरातली फरशी आधी घासून घ्यायची, घसरून पडाल. कोल्हापूरच्या पावसात तेलाचा टॉवेल वाळत नाही आणि त्याला असा वास सुटतो की घरातले बोलतात.

तोंडात तेल धरायचा गंडूष महिनाभर करून सोडला. सकाळच्या घाईत दहा मिनिटं गप्प राहणं जमत नाही आणि ते तेल बेसिनमध्ये थुंकलं की पाइप तुंबतो. जीभ घासायची तांब्याची जिभली मात्र कायमची राहिली.

विरेचनाबद्दल, म्हणजे औषधाने जुलाब करवून पोट साफ करण्याच्या उपचाराबद्दल, शरदात विचारलं होतं. बाईंनी समजावलं : आधी काही दिवस तूप पिणं, मग शेक, मग औषध, आणि नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर येणं. ऑफिसच्या मार्चएंडवाल्या माणसाने रजा नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी एरंडेल पिऊन तर मुळीच नाही. गरोदर बायका, शुगरच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेले, यांनी साधं चूर्णही विचारल्याशिवाय घेऊ नये. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल तर आधी डॉक्टर गाठा.

सध्या रोजचं म्हणजे त्रिफळा, जिभली आणि तळपायाचं तेल एवढंच. पुढची खेप आवळकाठीचं प्रमाण वाढवून करणार आहे, तुरटपणा थोडा उतरतो का बघायला.